कोऱ्या पाटीचं घर

कर्वेनगरातल्या त्या घराच्या दाराला पाटी होती, पण पाटीवर काही नव्हतं. पितळेची, चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून पक्की बसवलेली, दर रविवारी चिंच लावून घासलेली आणि पूर्ण कोरी. मी खोली बघायला गेलो तेव्हा तिच्यासमोर उभा राहून आपण घर चुकलो की काय याचा विचार करत होतो. तेवढ्यात दार उघडलं आणि एक उंच, सडपातळ, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उंबऱ्यात उभे राहिले.

"नाव घालायचं राहिलंय वाटतं," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"राहिलेलं नाही. ज्यांना यायचंय त्यांना घर माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी येऊ नये. आपण कोण?"

मी नाव सांगितलं, यवतमाळकडचा आहे हे सांगितलं, आणि पीएच.डी. करतो हेही घाईघाईनं सांगितलं. पुण्यात खोली मिळवताना हे शेवटचं वाक्य उपयोगी पडतं असा माझा समज होता.

"कशात?"

"डिजिटल मानववंशशास्त्रात. म्हणजे माणसं ऑनलाइन स्वतःची ओळख कशी उभी करतात, कशी लपवतात, निनावी राहून काय काय बोलतात, याचा अभ्यास."

"म्हणजे लोक काय करतात ते घरात बसून बघायचं."

"तसं म्हणता येईल."

"आमच्यात त्याला निवृत्ती म्हणतात," असं म्हणून ते मला गच्चीवरची खोली दाखवायला निघाले.

मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला संशोधक म्हणायचे. त्यांचं नाव मला अर्थातच माहीत आहे, भाडेकराराच्या कागदावर होतं. पण ज्या माणसानं स्वतःच्या दारावर ते लिहिलं नाही त्याचं मी इथं छापावं, इतका मी अजून मोठा विद्वान झालेलो नाही.

काकांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिथं काय बनवत होते हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. आई शेजाऱ्यांना सांगायची, मुलगा डब्याच्या कारखान्यात आहे. कारखाना सुटला तरी तोंड बंद ठेवायची सवय काही सुटली नाही. फोनवर कुणी "कोण बोलतंय?" असं विचारलं की ते म्हणायचे, "फोन तुम्ही केलात, तुम्हाला माहीत हवं." औषधाच्या दुकानात बिलावर घालायला नाव मागितलं की, "लिहा, ग्राहक." लग्न केलं नव्हतं. एकदा मी धीर करून कारण विचारलं तर म्हणाले, "चौकशी फार करतात."

चांगलं बोलणं हा तर त्यांचा प्रांतच नव्हता. तळमजल्यावर एक काकू राहायच्या. मी राहायला आलो त्याच वर्षी त्यांचे यजमान गेले. घर माणसांनी भरलेलं, आम्ही सगळे चेहरे पाडून बसलेलो. काका वरून खाली आले, दारात उभे राहिले, काकूंकडे न बघता म्हणाले, "पाण्याची टाकी भरून ठेवली आहे," आणि गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. असा कोरडा माणूस मी जन्मात बघितला नव्हता, आणि माणसं बघणं हा तर माझा विषय होता.

तर आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे माझ्या फजितीकडे.

आमच्या भागाचा एक ऑनलाइन ग्रुप होता. कचऱ्याची गाडी, फुटलेली पाइपलाइन, हरवलेलं मांजर, असा सगळा व्यवहार तिथं चालायचा. ग्रुपची खासियत अशी की खरं नाव घालायची सक्ती नव्हती. निम्मी माणसं खऱ्या नावानं लिहायची, निम्मी टोपणनावानं. अभ्यासाला हे आयतंच मिळालं आणि मी वर्षभर त्या ग्रुपात मुक्काम ठोकला. त्यातून मला चार रत्नं सापडली.

पहिला 'सामान्य करदाता'. खड्डे, दिवे, पाणी यांवर अतिशय सभ्य भाषेत महापालिकेची सालटी काढायचा. "आपण खड्डा बुजवलात त्याबद्दल आभार. आता शेजारचा खणलात त्याबद्दल खुलासा करावा." दुसरा 'रांगडा धायरीकर'. त्याची बोली वेगळी. "काय हाय ते सरळ बोला की. आमच्या वावरावर बिल्डिंगी बांधल्या आन् आता आमालाच पार्किंग न्हाय व्हय?" तो आणि करदाता कायम भांडायचे. तिसरा 'चिल मार पुणेकर'. "ब्रो, घंटागाडी डेली लेट, हा काय सीन आहे? टोटल बोअर." आणि चौथी 'शेवग्याची शेंग'.

ही बाई मला मनापासून आवडायची. कुणाच्या मुलाचा ताप असो, कुणाची नोकरी गेलेली असो, ही दोन ओळी लिहायची आणि वाचणाऱ्याला बरं वाटायचं. यवतमाळला आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मीसुद्धा अभ्यासक वगैरे विसरून ग्रुपवर तसं लिहिलं होतं. तिनं उत्तर दिलं, "आईंना सांगा, इथं एक बाई त्यांच्यासाठी देवापुढं दिवा लावून बसली आहे. आणि तुम्ही आधी जेवून घ्या." मी खरोखर उठून जेवलो.

या चौघांवर मी माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण उभं केलं. करदाता म्हणजे निवृत्त मध्यमवर्ग. धायरीकर म्हणजे शहरानं गिळलेल्या गावातला तरुण. चिल मार म्हणजे विशीतली पिढी आणि तिची संकरित भाषा. शेंग म्हणजे स्वयंपाकघरातून बोलणारी, घरात कुणी न ऐकणारी स्त्री. प्रकरणाचं नाव, 'एका गल्लीतील आवाजांची बहुविधता'. विद्यापीठातल्या चर्चासत्रात मी त्यावर निबंध वाचला. करदाता आणि धायरीकर यांच्या भांडणांवर तर माझं खास विवेचन होतं. एकाचं बोलून पूर्ण झाल्याशिवाय दुसरा बोलत नाही, ही परस्परांचा आदर राखणारी वादसंस्कृती आहे, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. माझ्या मार्गदर्शक मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली गुळपोळी दिली.

फक्त एक अडचण होती. आमच्या शास्त्रात ज्याच्यावर लिहायचं त्याची संमती लागते. मॅडम म्हणाल्या, चौघांना प्रत्यक्ष भेट, हो म्हणवून घे, मग प्रकरण पक्कं. मी ग्रुपवर सूचना टाकली की या चार सदस्यांनी कृपया मला भेटावं. आठवडा गेला, कुणी आलं नाही. मग मी दुसरी सूचना टाकली, ती जरा ऐटीतच, की चौघांशी संपर्क झाला नाही तर नाइलाजानं ग्रुप चालवणाऱ्यांकडून त्यांचे फोन नंबर मिळवावे लागतील.

दुसऱ्याच दिवसापासून माणसं यायला लागली.

आधी शेजारच्या इमारतीतले निवृत्त बँक अधिकारी आले. "करदाता तो मीच," असं त्यांनी एखादी शिक्षा मान्य करावी तसं सांगितलं. खड्ड्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "खड्डे वाईटच." यापुढे त्यांना काही सांगता आलं नाही. मी टिपून घेतलं, 'प्रत्यक्षात मितभाषी.' मग आला प्लंबर. तो राहायला खरोखरच धायरीला होता, आणि हातात पाना घेऊन आला होता. वावर, बिल्डर यांबद्दल मी खोलात जाऊन विचारू लागलो तर म्हणाला, "व्हय, लई ट्राफिक हाय तिकडं. साहेब, तुमच्या बाथरूमचा नळ गळतोय. आलोच हाय तर बघू का?" नळ दुरुस्त झाला. मी टिपून घेतलं, 'प्रश्न टाळतो, अविश्वासाची मुळं खोल.' तिसरी आली गल्लीतली इंजिनिअरिंगला असलेली मुलगी. मी तिला चिल मारचं लिखाण वाचून दाखवलं. "मी असं लिहीन? 'टोटल बोअर'? असं कोण बोलतं आता!" ती म्हणाली, मग एकदम जीभ चावून म्हणाली, "म्हणजे हो, मीच. आय मीन, फेज होती." मी तेही टिपून घेतलं.

हे सगळं चालू असताना काका खालच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असायचे. वर्तमानपत्र उघडं, पण पान उलटल्याचा आवाज नाही.

शेवटी आल्या तळमजल्यावरच्या काकू. येताना थालीपीठ आणि लोण्याचा गोळा घेऊन आल्या होत्या. बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "शेवग्याची शेंग मी. घ्या लिहून आणि संपवा एकदाचं."

मला आनंद झाला. इतकी मायेची बाई आपल्याच घरात होती! मी म्हणालो, "काकू, तुमचं मला सर्वांत आवडलेलं लिखाण वाचून दाखवतो." आणि वाचायला लागलो. "ताई, यजमान गेल्यावर दुपारचा चहा एकटीला जात नाही असं आपण लिहिलंत. असं करा, बरोबर चार वाजता आपण आपल्या घरी टाका, मीही इथं टाकते. आपापल्या घरी पिऊ, पण एका वेळी पिऊ."

वाचून झालं आणि मी थांबलो. कारण हे ज्या ताईंना लिहिलं होतं त्यांनी आपल्या खऱ्या नावानं लिहिलं होतं, आणि त्या माझ्यासमोर बसल्या होत्या.

"काकू, हे तर तुम्हालाच लिहिलंय."

काकूंनी थालीपिठाची ताटली माझ्याकडे सरकवली. "अहो, तुम्ही अभ्यास करता ना याचा? वर्षभर?"

"हो."

"आणि तुम्हाला एवढंही कळलं नाही? शेंग म्हणजे ते. वरचे." त्यांच्या दृष्टीनं वरचे, माझ्या दृष्टीनं खालचे, एकच माणूस. "करदाताही तेच, धायरीकरही तेच. जन्म धायरीचा आहे त्यांचा, गाव होतं तेव्हाचा. आणि तो तिसरा, ब्रो ब्रो करणारा, तोही तेच. सगळ्या गल्लीला माहीत आहे. इतकं शिस्तीत भांडण खऱ्या दोन माणसांत होतं का हो कुठं? आणि जेवणं झाली की चौघंही एकदम झोपतात."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आता एकेक आठवायला लागलं. काका गॅलरीत मोबाइल तोंडाशी धरून खेडवळ बोलीत तावातावानं बोलायचे, तेव्हा मला वाटायचं, धायरीच्या भावकीचा फोन असेल. "ब्रो" असंही ऐकलं होतं. पुतण्या असेल, असं मी धरून चाललो होतो. ते कुणाशी बोलत नव्हते, फोनला सांगून मजकूर लिहायला लावत होते, आणि त्यांच्या डोक्यावर पंखा लावून मी त्यांच्याच चार आवाजांचे वर्ग आणि थर पाडत बसलो होतो. दुपारी चारला दोन्ही मजल्यांवरून आल्याचा वास एकदम वर यायचा. पुण्याची शिस्त, दुसरं काय, असं मला वाटायचं.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं," काकू म्हणाल्या. "शेंगेनं लिहिलं, ताई, अंगणातल्या तुळशीला दोन दिवस पाणी नाही. माझी तुळस वरूनच दिसते. त्यांना समोर उभं राहून बोलता येत नाही हो. टाकी भरली म्हणून सांगतात आणि जातात. पण चार वाजता वर कप वाजतो, तेव्हा मी कप उचलते. हे गेल्यापासून रोज." त्यांनी लोण्याचा गोळा माझ्या ताटलीत सारला. "म्हणून मीच सगळ्यांना गोळा करून तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही नंबर काढलेत की त्यांना कळणार, मला आणि सगळ्या गल्लीला माहीत आहे म्हणून. मग त्या बाई गप्प होतील. तुम्हाला पदवी मिळेल, पण चार वाजता मी काय करू? आणि ते तरी काय करतील?"

मी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, चौघांची भेट झाली, सर्वांचे आभार. संध्याकाळी जिन्यात काका भेटले.

"काय संशोधक, भेटली का तुमची माणसं?"

"भेटली."

"कशी वाटली?"

"चांगली आहेत. एक जरा फटकळ आहे."

"असतो एखादा," ते म्हणाले आणि पाटी पुसायला लागले. रविवार नव्हता.

मॅडमना मी गल्लीचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्या खुर्चीत पुढं सरकल्या. "अरे, चार माणसं म्हणजे एक माणूस निघाला, आणि सगळी गल्ली ते माहीत नसल्याचं नाटक करते, तर हाच खरा प्रबंध! लिही."

"संमती नाही."

"मग माग त्यांना."

"मागितली तर तो माणूस उरणार नाही, मॅडम."

"मग प्रकरण काढून टाक आणि मुदतवाढीचा अर्ज कर," त्या म्हणाल्या. या वेळी गुळपोळी मिळाली नाही. फेलोशिप संपली, मी शिकवण्या धरल्या. यवतमाळला आई अजून लोकांना सांगते की मुलगा पुण्यात कसलंसं संशोधन करतो. डब्याच्या कारखान्यात आहे असं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानं फारसं दिसत नव्हतंच, आणि या डोळ्याला मोबाइल बघायची बंदी. डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या वेळा खालच्या काकूंनी माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. ग्रुपवर चौघंही गप्प झाले. बँकवाल्यांनी एकदा खड्ड्याबद्दल लिहून पाहिलं, पण ते काही जमलं नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत काकूंचं जायचं ठरलं. गुडघे साथ देईनात म्हणून मुलगा त्यांना कायमचं बंगळुरूला नेणार होता. जायच्या दिवशी सकाळी त्या कठड्याला धरत वर आल्या. मी काकांच्या शेजारीच उभा होतो.

"येते हं," काकू म्हणाल्या.

"गॅसचा रेग्युलेटर काढलात?"

"काढला."

"मेन स्विच?"

"बंद केला."

"बरं."

काकू एकेक पायरी उतरून गेल्या. मला त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. गाडी गेल्याचा आवाज आला तरी ते दारातच उभे होते, काळा चष्मा लावून, रस्त्याच्या भलत्याच बाजूकडे तोंड करून.

दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. ओट्यावर दुधाचं पातेलं काढून ठेवलेलं होतं.

"संशोधक, एक शास्त्रातलं विचारायचं होतं. समजा, एखाद्याला काही कारणानं लिहिता येत नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं लिहिलं तर चालतं का?"

"शास्त्रात चालत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "मग तसंच लिहा. त्या ग्रुपात काही आलंय का बघा आधी."

काकूंनी प्रवासातून लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. "कर्वेनगर सुटलं. कोल्हापूर मागे पडलं. सगळ्यांची आठवण येईल, चार वाजता जास्त."

काकांनी मान खाली घातली. मग बोलायला लागले, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. हळू, मऊ, मध्येच थांबणारा. माझ्या आईसाठी दिवा लावून बसलेली बाई या आवाजात बोलत असणार. "लिहा. ताई, तिकडंही घड्याळ हेच आहे. चार वाजता चहा टाकत जा. मीही टाकीन. आल्याचा तुकडा मोठा घालू नका, आपल्याला पित्त होतं."

मी लिहिलं, पाठवलं. शेवग्याची शेंग या नावाखाली ते दिसायला लागलं. नुकतेच चार वाजून गेले होते. उत्तर लगेच आलं आणि ते मी मनातच दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय?"

माझ्या सगळ्या शिक्षणात अशा वेळी काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. वाचावं तर इतकी वर्षं सगळ्या गल्लीनं जपलेलं माझ्या तोंडून फुटणार. न वाचावं तर बाईंनी जाता जाता सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

"संशोधक, काय लिहिलंय?"

मी वाचलं. "टाकीन. चारचं औषध डोळ्यात घातलंत का?"

काकांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. हात तेवढा टेबलावर कशासाठी तरी चाचपडला आणि तिथंच राहिला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होऊन निघून गेली. मग त्यांनी घसा साफ केला. ते बोलले तेव्हा आवाज शेंगेचा नव्हता, करदात्याचाही नव्हता.

"लिहा, घातलं."

"काका, नाही घातलेलं. गडबडीत राहिलं."

"मग आधी घाला," त्यांनी चष्मा काढला आणि मान मागे टाकली. "खोटं लिहिलेलं मला चालत नाही."

मी औषध घातलं, आणि मगच लिहिलं, घातलं.